आतला चहा

त्याच्या तोंडून गेलं ते गेलंच. कॉलेजच्या फाटकाबाहेरून पोरं ओरडली, "कोण म्हणतं देणार नाही?" आणि फाटकाच्या आत, व्हरांड्याच्या पायरीवर, संस्थेच्या अध्यक्षांच्या डाव्या हाताला अदबीनं उभा असलेला शिवहार खणखणीत आवाजात म्हणाला, "घेतल्याशिवाय राहणार नाही!" म्हणाला म्हणजे काय, त्यानं म्हटलंच नाही, त्याच्या तोंडानं परस्पर म्हणून टाकलं. बाहेरच्या शंभरेक गळ्यांतून तेच उत्तर त्याच क्षणी आलं होतं. त्यात त्याचं एक खपून जायला हरकत नव्हती. पण त्याचं उत्तर आतून आलं होतं आणि आतून दुसऱ्या कोणाचाच आवाज येत नव्हता. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ग्रंथपालांना उगीचच खोकला आला. शिपायानं हसू आवरायला तोंड फिरवलं. अध्यक्ष बापूसाहेब मात्र मोकळेपणानं हसले. "आवाज अजून आहे की सर तुमचा," ते म्हणाले आणि त्यांनी शिवहारच्या पाठीवर हात ठेवला. हात जड होता, उबदार होता, आणि तो लगेच काढला गेला नाही.

शिवहारला वाटलं, वाकून ते वाक्य पायरीवरून उचलावं आणि खिशात टाकावं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. सकाळी डबा बांधताना त्याची बायको मोहिनी म्हणाली होती, "ह्ये आठ दिस तोंड शिवून घ्या बरं. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." तो हसून म्हणाला होता, "मी कशाला बोलतोय?" आणि बोलायचं त्याच्या मनात खरंच नव्हतं. गेली कित्येक वर्षं तो या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होता, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मोबदला, सुट्टी पडली तर ठणठण गोपाळ. हिंगोलीत लोक त्याला सर म्हणत, पोस्टातले म्हणत, किराणा दुकानदार म्हणे, फक्त पगार त्याला सर म्हणत नव्हता. राज्यशास्त्राचे जुने सर निवृत्त झाले आणि त्यांची अनुदानातली कायम जागा रिकामी पडली. ती जागा शिवहारचीच, असा शब्द बापूसाहेबांनी दिवाळीत दिला होता. पुढच्या आठवड्यात मुलाखत होती, नावापुरती. मोहिनीनं भाड्याच्या दोन खोल्यांत मनातल्या मनात तिसरी खोली बांधायला घेतली होती. आणि आज हे तोंड!

बाहेरच्या पोरांचं म्हणणं काही आभाळातलं नव्हतं. येत्या जूनपासून बी.ए.ची अनुदानित तुकडी बंद करून त्या खोल्यांत संगणकाचा नवा कोर्स काढायचं संस्थेनं ठरवलं होतं. नवा कोर्स नॉन-ग्रँट, म्हणजे विनाअनुदानित. फी ऐकूनच जवळा बाजार गावाकडच्या निम्म्या घरांतली पोरं, आणि पोरी तर सगळ्याच, घरी बसल्या असत्या. भिंतींना नवा रंग लागला होता, गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं छापून आली होती, आणि त्यांत हसणारी मुलं या कॉलेजातली काय, या जिल्ह्यातलीसुद्धा वाटत नव्हती. पोरं भेटायला गेली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की या कॉलेजात संघटना वगैरे काही नाही, मार्कांवर नेमलेला एक प्रतिनिधी आहे आणि त्याची काही तक्रार नाही. मग पोरांनी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून संघटना काढली. आत बसायला बंदी होती. पुढाकार होता मिनाचा. मिना म्हणजे दुसऱ्या वर्षाची, जवळा बाजारापलीकडच्या तांड्यावरची थावरा नायकांची पोरगी. शिवहारनं वर्गात 'दबावगट' हा धडा शिकवला, तेव्हा तिनं हात वर करून विचारलं होतं, "सर, ह्ये निसतं परीक्षेपुरतं हाय का?" वर्ग हसला होता. शिवहारही हसला होता आणि त्यानं घड्याळ पाहिलं होतं.

हा आवाज त्याला कॉलेजनं दिलेला नव्हता. दसरा झाला की त्याचा बाप मसाजी मेंढरं घेऊन निघायचा, गावोगाव लोकांच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत हिंडायचा, आणि शाळेच्या सुट्टीत शिवहारला त्यांच्यामागे जावं लागायचं. ओढ्याच्या त्या काठावर पांगलेलं जनावर या काठावरून हाक मारून वळवायचं असेल तर आवाज घशातून काढून चालत नाही, तो पोटातून यावा लागतो. तोच आवाज पुढं याच फाटकाबाहेर कामाला आला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला नुसता तालुका होता, निवडणुका बंद होऊन मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत नवीनच आली होती, आणि विज्ञानाची तुकडी अनुदानातून काढून नॉन-ग्रँट करायचा घाट पहिल्यांदाच घातला गेला होता. त्या काळी या शब्दाचा अर्थसुद्धा कोणाला नीट माहीत नव्हता. शिवहारनं तो लिंबाखाली उभं राहून समजावून सांगितला होता. "सरकार म्हनतंय, शिकायचं तर तुमचं तुमी बगा. आन् संस्था म्हनतीय, बगायचं तर आमच्या दुकानात येऊन बगा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सुकन्यानं सगळ्यांत जोरात वाजवल्या होत्या. ती विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होती, संघटनेतली एकुलती एक मुलगी, आणि घोषणेची पहिली ओळ ती द्यायची. दुसरी ओळ शिवहारची. ही सवय तोंडाला तेव्हापासूनची. पहिली ओळ कानावर पडली की दुसरी बाहेर पडणार. मधे किती वर्षं गेली हे तोंडाला कोण सांगणार?

"मुलं चांगली आहेत," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी शिपायाकडून खुर्ची मागवली आणि पाय लांब करून व्हरांड्यातच बसले. "आपलीच लेकरं आहेत. त्यांना काय माहीत, आम्ही हे चालवतो कसं? पोलीसबिलीस मला आवडत नाही. सर, तुम्ही जा. तुमचं ऐकतात. पाच जणांना आत घेऊन या, म्हणावं, बसून बोलू. चहा सांगितलाय." शिपाई फाटकाकडून वळसा घेऊन चहाच्या तयारीला गेला. शिवहारनं मान डोलवली. यात न करण्यासारखं काही नव्हतं. बोलणी व्हायलाच हवीत, ती पाच जणांशीच होऊ शकतात, शंभर जणांशी कशी होणार? तो पायरी उतरला, तेव्हा बापूसाहेब मागून म्हणाले, "एखादी मुलगी घ्या पाचांत. ती कोण, तांड्याची, तिला घ्या. आणि उशिराची काळजी करू नका म्हणावं. उशीर झालाच तर आपली गाडी सोडून येईल मुलीला घरापर्यंत. मुलींना तकलीफ नको."

शिवहार थांबला. म्हणजे पाय चालतच होते, पण आत कुठंतरी तो थांबला. हे वाक्य त्यानं पूर्वी ऐकलं होतं. विज्ञानाच्या तुकडीच्या त्या आंदोलनात. शब्द थोडे वेगळे होते, तेव्हा गाडीऐवजी जीप होती. खोली आतली होती, खुर्च्या गादीच्या होत्या. शिवहारच्या आयुष्यातली ती पहिली गादीची खुर्ची. बसला तेव्हा ती खाली दबली आणि तो दचकून अर्धवट उठला होता. मग बापूसाहेब म्हणाले होते, "बसा, बसा. तुम्ही मसाजींचे चिरंजीव ना?" तुम्ही! तोवर त्याला गावात, शाळेत, बाजारात कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं. मास्तरसुद्धा 'ए धनगरा' म्हणायचे, तेही रागानं नाही, सवयीनं. त्या एका तुम्हीनं त्याच्या पाठीचा कणा सरळ झाला होता की वितळला होता, हे त्याला आजही नक्की सांगता आलं नसतं. आत पाच जण गेले होते, तो, सुकन्या आणि आणखी तिघं. सुकन्या आत यायला तयार नव्हती. "तुमी चौघं जा, मी हितंच थांबते, पोरं पांगतील," ती म्हणाली होती. शिवहारनंच आग्रह केला. मुलींचंही म्हणणं आत मांडलं गेलं पाहिजे, असं काहीतरी मोठं वाक्य तो बोलला होता. ते वाक्य बरोबरच होतं. अजूनही बरोबर वाटत होतं, म्हणून तर जास्त टोचत होतं.

चहा आला, बिस्किटं आली. बापूसाहेबांनी एकेकाला गाव विचारलं, बाप काय करतो विचारलं, कोणत्या गावात त्यांचा कोण सोयरा आहे ते सांगितलं. हे सगळं मोठ्या आस्थेनं. फीचा विषय निघाला की फोन वाजायचा. फोन झाला की "हां, कुठं होतो आपण?" आणि पुन्हा पहिल्यापासून. मग प्राचार्यांना बोलवा, मग जुनी फाईल सापडेना, मग दुसऱ्यांदा चहा. खिडकीतून घोषणा ऐकू येत होत्या आणि शिवहारला हळूहळू कळत होतं की त्या विरळ होत चालल्यात. त्याला वाटलं, पोरं दमली असतील, भूक लागली असेल. शेवटी बापूसाहेब उठले, पाचही जणांशी हात मिळवला आणि म्हणाले, "माझा शब्द आहे. यंदा काही होणार नाही." पाचही जण हरखून बाहेर आले. शिवहारला ती बातमी पोटातून ओरडून सांगायची होती. फाटकाबाहेर कोणीही नव्हतं. लिंबाखाली पायांनी तुडवलेली धूळ, फाटलेला एक फलक, आणि तुटल्या अंगठ्याची एक चप्पल. जवळा बाजारची शेवटची एस.टी. गाडी गेली होती. खेड्यांवरची पोरं तीच गाडी धरून यायची, तीच धरून जायची. ती गेली तर स्टँडवर झोपायचं, नाहीतर चालायचं. आणि ती गाडी किती वाजता जाते हे त्या गादीच्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त त्या खोलीत पहिल्यांदाच बसलेले पाच जण ते विसरले होते. पुढच्या सोमवारी नॉन-ग्रँटची नोटीस लागली. पोरं पुन्हा गोळा झाली नाहीत. आपल्याला विचारल्याशिवाय हे पाच जण आत बसून काय ठरवून आले, असं ती आपसात बोलत होती. आणि शिवहार वर्षानुवर्षं त्यांनाच दोष देत राहिला. भेकड, पळपुटी, गाडी बघून पळाली. असा दोष देणं सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी सुकन्या रडकुंडीला आली होती. तिच्या गावाकडं दुसरं काही जाणारं नव्हतं. तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "घाबरू नको बाळ, आपली जीप सोडील. मुलीला तकलीफ नको." किती मोठं मन, असं शिवहारला वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. त्यानं जीपचं दार स्वतः लावलं. ड्रायव्हर सज्जन होता, वाटभर ताई म्हणाला, वेशीपाशी सोडून परत फिरला. तिच्याशी कोणी वेडंवाकडं वागलं नाही. पण थंडीचे दिवस, अंधार लवकर पडलेला, आणि संस्थेच्या जीपमधून एकटी मुलगी उतरली, एवढंच गावानं पाहिलं. पुढं ती कॉलेजात आलीच नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मधे एकदा नरसीच्या देवळात ती त्याला भेटली होती, कडेवर एक, हाताशी एक. ओळख दिली, हसली, आणि म्हणाली, "भाषनं करतो का रे अजून?" तो म्हणाला, "छे! आता कॉलेजात शिकवतो." ती म्हणाली, "बरं झालं." मग मुलाच्या तोंडाला लागलेला प्रसाद पदरानं पुसत म्हणाली, "मला वाटलं, करत असशील." तेवढंच. तिनं दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही आणि मोहिनीला पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

पायरीपासून फाटकापर्यंतची वाट फरसबंद केलेली होती. कडेला कुंड्या मांडल्या होत्या, त्यांतली फुलझाडं संस्थेच्या तपासणीसाठी आणलेली होती आणि तपासणी झाल्यापासून त्यांना पाणी नव्हतं. फेब्रुवारी सरत आला होता, ऊन कलतं झालं तरी डोळ्यांवर येत होतं. शिवहार चालत होता आणि मनातल्या मनात स्वतःशी वकिली करत होता. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता पोरांच्या खिशात मोबाईल आहेत. आता थावरा नायकाला फोन करून सांगता येईल, पोरीला उशीर होतोय, संस्थेच्या गाडीनं येतीय. (आणि तांडा काय पाहील? फोन पाहील की गाडी?) ते जाऊ द्या. शिवाय ही जागा मिळाली की आपण आतले होऊ, आतून पोरांचं भलं करता येईल, बाहेर ओरडून कोणाचं काय झालंय? कायम माणसाच्या शब्दाला वजन असतं. हे तो इतक्या वेळा स्वतःला सांगून चुकला होता की ते आता पाठ झालेल्या धड्यासारखं येत होतं, आणि पाठ झालेल्या धड्यावर मिना काय विचारते हे त्याला माहीत होतं. त्याला मोहिनीची तिसरी खोली दिसली, तिची खिडकीसुद्धा दिसली. त्या खिडकीचा त्याला राग आला नाही. त्याला ती हवी होती. भूक लागावी तशी हवी होती, आणि ती हवी असल्याची लाजही वाटत होती.

आणि मग बाप आला. तो न बोलावताच यायचा, मेल्यावरसुद्धा. त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी शिवहार गावी गेला होता. गाव सोडून मैलभरावर एकाच्या शेतात मेंढरं बसली होती, तिथं मसाजी उभा होता. शिवहारनं त्याला सगळं सांगितलं. नोटीस अजून लागायची होती, त्यामुळे सांगण्यात ऐटच होती. अध्यक्षांनी तुझं नाव घेतलं, मला 'मसाजींचे चिरंजीव' म्हणाले, खुर्ची गादीची होती, चहा कपबशीत होता. मसाजीनं ऐकून घेतलं. "तुही मान्सं कुठं व्हती?" त्यानं विचारलं. "बाहेर." "किती?" "लय." मसाजी मेंढरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग तू आत काहून गेला?" शिवहार चिडला होता. बापाला कळणार काय? पण त्या माणसाचा जन्मभराचा एक नेम होता आणि शिवहारनं तो लहानपणापासून पाहिलेला होता. मेंढरं बसवली की शेतमालक निरोप धाडायचा, घरी या, चहा घेऊन जा. मसाजी कधीही गेला नाही. "च्या हितंच येऊ द्या," म्हणायचा. मेंढरं सोडून चहाला जायचं नाही, चहानं मेंढरांपाशी यायचं. कारण माणूस चहाला बसतो तेवढ्यात कोणाचं कुत्रं शिरतं, कोणी एखादं कोकरू उचलतं, आणि कपबशी हातात असलेल्या माणसाला धड उठताही येत नाही. मग कोणी कमलबाई, कोणी जिवनबाई किटली आणि पेला घेऊन बांधावरून यायची, आणि मसाजी उभ्या उभ्या प्यायचा, डोळे मेंढरांवर ठेवून. शिवहारला त्याची लाज वाटायची. त्याला वाटायचं, लोक आपल्याला घरात घेत नाहीत. लोक घेत होते. बापच जात नव्हता, हे कळायला त्याला राज्यशास्त्रात एम.ए. व्हावं लागलं आणि तरी पुरतं कळलं नाही.

फाटकाशी कोंडीबा वॉचमन काठी मांडीवर घेऊन बसला होता. शिवहारला पाहून तो उठला. मोठं फाटक बंद होतं, बाजूच्या छोट्या दाराला आतून कडी होती. गजांपलीकडे पोरं दाटीनं उभी होती आणि सगळ्यांत पुढं मिना. ओढणी कमरेला बांधलेली, घोषणा देऊन आवाज बसलेला, चेहरा धुळीनं माखलेला. शिवहारला पाहताच घोषणा थांबल्या. "सर आले, सर आले," मागं कुजबूज झाली. कोणीतरी म्हणालं, "सर आपल्याकडूनच हायत, मघाशी आइकलं न्हाई का?" त्या एका निसटलेल्या वाक्यावर पोरांनी केवढा भरवसा टाकला होता!

"काय म्हनतेत, सर?" मिनानं विचारलं. तो बोलायच्या आधीच तिच्याजवळचा कुलदीप नावाचा मुलगा म्हणाला, "पाच जन बलावलेत म्हनं. शिपाई सांगून राहिला व्हता. आमी नावं काडलीत, सर. मी, मिना, आन् हे तिघं." आणि ते पाच जण खरंच बाकीच्यांपासून हातभर पुढं येऊन उभे राहिले होते. एकानं शर्ट खोचला होता. एक जण हातरुमालानं चपला पुसत होता. मिनानं कमरेची ओढणी सोडून खांद्यावर नीट घेतली. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि तिच्याहून मोठा आनंद होता, की आपल्याला बोलावलं, आपल्याला आत बोलावलं. तो आनंद शिवहारनं ओळखला. त्याची चव त्याच्या तोंडात होती, बिस्किटासकट. एका क्षणात त्याला इतकं दुःख झालं की त्याला गजाला धरावं लागलं.

"आत येऊ नका," तो म्हणाला.

कोणालाच ऐकू आलं नाही. मघाशी न विचारता बाहेर पडलेला आवाज आता मागितला तरी येत नव्हता. "काय म्हनले?" मागून विचारणा झाली. मिना गजाशी आली. शिवहारला पाठीवर बापूसाहेबांची नजर जाणवत होती, मघाच्या हातासारखीच, जड आणि उबदार. अजूनही सावरता आलं असतं. पाच जण आत या, चर्चा करू, एवढंच वाक्य. ते तयारच होतं, जिभेवर बसलेलं होतं. त्यानं ते गिळलं आणि पोटातून आवाज काढला, ओढ्यापलीकडं जावा तसा. "आत येऊ नका! कोणीच येऊ नका. चहा हितं मागवा. बापूसाहेबांनाच बाहेर बलवा. काय बोलायचं ते समद्यांच्या म्होरं बोला म्हनावं, गाडीच्या आधी. आन् गाडीची येळ झाली की पोरींनी गाडी धरायची. कोणाच्या मोटारीत बसायचं न्हाई. उद्या पहिल्या गाडीनं परत यायचं, समद्यांनी."

व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं असणार. गेलंच. मागं वळून पाहायची गरज नव्हती, कारण कोंडीबाच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. शिवहारला एकदम सगळं आठवलं. मुलाखत, दिवाळीतला शब्द, तिसरी खोली, मोहिनी. संध्याकाळी मोहिनीला काय सांगायचं? पोट दुखतंय म्हणून भागणार नव्हतं. ती भांडली तर चालेल, पण ती गप्प बसेल, भाजी निवडत गप्प बसेल, आणि ते सोसणार नाही. आपण शहाणपणा केला की पुन्हा एकदा मोठं वाक्य बोलून दुसऱ्याच्या पोरी पणाला लावल्या, हेही त्याला कळत नव्हतं. बापूसाहेब बाहेर आलेच नाहीत तर? उद्या पोरं आलीच नाहीत तर? हे पोरांना सांगायला हवं होतं, की मला पुढचं काही माहीत नाही, मला फक्त चहाचं माहीत आहे.

मघाशी शर्ट खोचलेला मुलगा हळूच दोन पावलं मागं सरकून बाकीच्यांत मिसळला. मिना तिथंच उभी होती. वर्गात हात वर करून विचारायची तशाच चेहऱ्यानं ती त्याच्याकडे पाहत होती. त्यात टोमणा नव्हता, कपट नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग तुमी आत काहून, सर?"

बापालाही त्यानं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा चिडायची सोय होती, वय होतं. आता समोर ही पोरगी उभी होती, आणि मधे गज होते, आणि दाराची कडी तिच्या बाजूला नव्हती. ती आतूनच होती. शिवहारनं कोंडीबाकडे पाहिलं. कोंडीबानं रस्त्याकडे तोंड फिरवलं आणि तिथूनच म्हणाला, "सर, एकदा भाईर गेल्यावर मला परत आत घेता येनार न्हाई. हुकूम हाय." "माहीत आहे," शिवहार म्हणाला. कडी उन्हानं तापली होती, गंजून घट्ट झाली होती. दोनदा हिसका द्यावा लागला. दार उघडताना इतका आवाज झाला की रस्त्यावरचा पेरूवालासुद्धा पाहायला लागला.

बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदा मागं पाहिलं. बाहेरून कॉलेज लहान दिसत होतं. व्हरांड्यात शिपायानं टेबल मांडलं होतं आणि ट्रेमध्ये चहाचे कप ठेवले होते. बापूसाहेब खुर्चीतून उठत होते. ते आपल्या खोलीत जायला उठले की फाटकाकडे यायला, हे इथून कळत नव्हतं. स्टँडच्या बाजूनं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला आणि दोन-तीन पोरींनी एकदमच तिकडे माना वळवल्या. ही गाडी त्यांची नव्हती, पण त्यांचीही वेळ जवळ येत होती. कोणीतरी सरकून शिवहारला लिंबाखाली जागा करून दिली. तो बसला नाही, उभाच राहिला, डोळे व्हरांड्यावर ठेवून.

मिनानं बसलेल्या आवाजात पहिली ओळ दिली. या वेळी त्याचं तोंड आपोआप उघडलं नाही. ते त्याला स्वतः उघडावं लागलं.